आंतरराष्ट्रीय खेळाडू लहान क्लबचा कोच होतो तेव्हा

भारताची जर्सी घातलेला फुटबॉल खेळाडू आपल्या क्लबवर शिकवायला येणार हे नक्की झाले की पहिला विषय निघतो तो बॅनरचा. तो विषय सगळ्यात शेवटी घ्यावा. नवी मुंबईतल्या नेरूळसारख्या ठिकाणी नुसते नाव व्हॉट्सॲपवर फिरले तरी नावनोंदणीला रांग लागते. ती मुले कुठे उभी करायची, कोणाला कोणता बॉल द्यायचा, सरांच्या जोडीला कोण असणार, हे ठरलेले नसेल तर सर मैदानावर असूनही मुलांच्या हाती काही लागत नाही. आमच्या क्लबने अशाच एका सरांबरोबर पूर्ण मोसम काढला. त्यात काय लागले, काय अडले आणि ते कशाने सुटले, हे लहान क्लब चालवणाऱ्यांसाठी लिहीत आहोत. सरांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. हा मजकूर व्यवस्थेबद्दल आहे.

असे खेळाडू ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात शोधले तर सापडतात. मुंबईचा फुटबॉल बरीच वर्षे संस्थांच्या संघांवर उभा होता: रेल्वे, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, बँका, कस्टम. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेले खेळाडू खेळ थांबल्यावर त्याच नोकरीत राहिले, आणि त्यातले अनेक जण कल्याण, डोंबिवली, ऐरोली, खारघरला स्थायिक झाले. म्हणजे त्यांचा वेळ ऑफिसच्या वेळेला बांधलेला असतो. रोज सकाळी या, असे म्हणून चालत नाही. आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ एवढेच जमले. सरावाचे बाकीचे दोन दिवस सहायक कोच घेतात. सरांचे तीन दिवस कशावर खर्चायचे, हाच या सगळ्या मांडणीतला खरा प्रश्न होता.

बोलणी तोंडी झाली तरी करार कागदावर घ्या. एक पान पुरते. दिवस आणि वेळ, एका वेळी किती मुले, मानधन, संघ कोण निवडणार, पालकांना उत्तर कोण देणार, आणि पाऊस पडला तर काय, एवढे त्यात हवे. दर सरावामागे पैसे ठरवले की जुलैमध्ये गडबड होते. मैदान भरलेले असते, सराव रद्द होतो, आणि पाण्यामुळे सरांचे मानधन बुडते. म्हणून महिन्याचे ठरावीक मानधन, तेही बँकेतून आणि टीडीएस कापून. त्यासाठी क्लब नोंदणीकृत हवा आणि त्याच्या नावाचे पॅन हवे. महाराष्ट्रात क्लबची संस्था म्हणून नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात ती होते. हिशेब दरवर्षी द्यावे लागतात, तेव्हा खजिनदार कोण हे आधी ठरवा.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र सरांसह सगळ्यांचे घ्यायचे. मोठ्या नावाच्या माणसाला हे कसे सांगायचे, असा संकोच कमिटीत होतोच. आमच्याकडे आधी कमिटीतल्या सगळ्यांनी आणि सहायकांनी अर्ज भरले, मग सरांपुढे फॉर्म ठेवला. त्यांनी तिथेच सही केली. मुलांशी काम म्हणजे २०१२ चा पॉक्सो कायदा सगळ्यांना माहीत असला पाहिजे. गैरप्रकाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मैदानावरचे नियम साधे ठेवले: कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत थांबणार नाही, आणि मुलांना निरोप पालकांच्या गटातूनच जातील.

आता कोचचे लायसन्स. भारतात ही शिडी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) ई आणि डी लायसन्सपासून सुरू होते. पुढे एएफसीची (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए आणि प्रो. देशाकडून खेळलेल्या माणसाला सुरुवातीची लायसन्स कशाला, असे पालकच विचारतात. आमचे उत्तर असे, की दहा वर्षांच्या मुलाला एका सरावात किती गोष्टी द्यायच्या आणि किती जागा द्यायची, हे भारताकडून खेळताना कोणी शिकवत नाही. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कधीच मोठे झाले नाही, पण १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके त्यांच्या हाताखालच्या संघांनी आणली. खालिद जमील यांची खेळाडूची कारकीर्द दुखापतींनी आखूड केली. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले, २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. दोघांनीही शिकवणे हे वेगळे काम म्हणून शिकून घेतले. सरांनी कोर्स पूर्ण केला आणि त्यांच्या सूचनांची लांबी निम्म्यावर आली. आधी एका चुकीवर पाच गोष्टी सांगत, नंतर एक.

मुख्य भाग इथून सुरू होतो. सरांसारखा मोठ्या पातळीवर खेळलेला मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) मुलांना असे काय देऊ शकतो जे दुसरा कोणी देऊ शकत नाही? किक, ट्रॅप, ड्रिब्लिंग हे चांगला सहायक कोचही शिकवतो. सरांकडे आहे ती नजर. बॉल पायाशी येण्याआधी मागे कोण आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे ते बघून ठेवतात. नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंवर हेच मोजले. बॉल येण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात त्यांचे पास जास्त वेळा अचूक जातात, असे त्यांना दिसले. अडचण अशी की सरांना स्वतःला हे करताना जाणवतही नाही. कसे कळले, असे मुलाने विचारले की ते म्हणतात, दिसतं की. त्यांना जे आपोआप दिसते त्याचा मुलांना करता येईल असा सराव बांधणे, हे क्लबचे काम.

आम्ही बांधलेला सराव असा. मार्कर लावून १२ मीटर बाजूचा चौकोन. मध्ये एक मूल, त्याच्या समोरच्या कडेला पास देणारा, पाठीमागच्या कडेला तिसरे मूल हातात दोन रंगांची बिब (जर्सीवरून घालायची बंडी) घेऊन. पास देणारा बॉलला हात-दीड हात पुढे ढकलतो, त्याच क्षणी मागचा एक रंग वर करतो. मधल्याने मान वळवून रंग बघायचा, मोठ्याने सांगायचा, आणि मगच बॉल घ्यायचा. लाल म्हणजे परत समोर पास, पिवळा म्हणजे बॉल लांबच्या पायावर घेऊन मागे वळायचे. प्रत्येकाला दीड मिनिट, मग जागा बदल. तिघांचा एक गट, बारा मुलांचे चार गट, त्यामुळे रांगेत उभे कोणी राहत नाही.

यात चुकते ते असे. मुले बॉल पायाशी आल्यावर बघतात, तोवर उशीर झालेला असतो. बघायची वेळ दोनदा: पास देणारा बॉलकडे पाय नेतो तेव्हा, आणि बॉल वाटेत असताना अगदी क्षणभर. दुसरी चूक अंगाच्या ठेवणीची. पास देणाऱ्याकडे छाती सरळ करून उभे राहिलेले मूल कितीही बघो, वळू शकत नाही. एक खांदा मागे घेऊन तिरके उभे राहायला सांगितले की निम्मी अडचण सुटते. तिसरी गोष्ट सरांच्या पासची. सवयीने त्यांचा पास इतका जोरात येतो की अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून बॉल उडतो, आणि मग मूल बॉलला घाबरून त्याच्यावरच नजर खिळवते. म्हणून या सरावात पास मुलेच देतात. सर बाजूला उभे राहून फक्त मान बघतात, पाय बघत नाहीत. हा नियम त्यांनीच सुचवला आणि तो फार उपयोगी पडला.

मुलांना रंगाची सवय झाली की मागचे मूल बिब टाकून देते आणि बचाव करते. मग रंग सांगायचा नसतो, माणूस आला की नाही ते ओळखायचे असते. त्यापुढची पायरी रोंडो, म्हणजे कडेच्या मुलांनी मधल्याला चुकवून आपसात पास देणे: दहा वर्षांखालच्यांना ८ मीटर चौकोनात चारांविरुद्ध एक, तेरा वर्षांखालच्यांना १० मीटरमध्ये पाचांविरुद्ध दोन. चौकोन लहान केला की बॉल सारखा जातो आणि मुले निराश होतात. मोठा केला की बघण्याची गरजच उरत नाही. सलग सहा-सात पास होत असतील तर एक मीटर कमी करा, तीनही होत नसतील तर वाढवा.

प्रात्यक्षिकाचेही मोजमाप हवे. वीस वर्षे खेळलेल्या गुडघ्याला दर सरावात उड्या आणि वळणे झेपत नाहीत, आणि मुलांना सर करतात ते बघत बसायला आवडते, त्यात त्यांचा वेळ जातो. सर एकदा पूर्ण वेगात करून दाखवतात, एकदा सावकाश, दोन्ही वेळा न बोलता. नंतर पंधरा वर्षांखालच्या संघातले मूल दाखवते. लहानांना आपल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्याचे जमलेले बघून जास्त धीर येतो.

तेरा वर्षांखालचा सराव ७५ मिनिटांचा. पहिली १५ मिनिटे फिफा ११+ किड्स हा सात व्यायामांचा वॉर्मअप, सहायक घेतात. मग छत्तीस मुलांचे तीन गट आणि तीन जागा. सर एकाच जागी थांबतात, गट दर १२ मिनिटांनी फिरतात. त्यामुळे प्रत्येक मूल सरांसमोर येते आणि कोणाकडे जास्त लक्ष गेले अशी तक्रार उरत नाही. शेवटची वीस-बावीस मिनिटे चार विरुद्ध चार सामने, मध्ये न थांबवता. सुरुवातीला सर दर मिनिटाला शिट्टी वाजवून खेळ थांबवत, कारण त्यांना प्रत्येक चूक दिसते. आता ते प्रत्येक सरावाला तीन मुलांची नावे वहीत लिहितात, सामन्यात फक्त त्यांच्याकडे बघतात, आणि संपल्यावर प्रत्येकाला एक वाक्य सांगतात. तीच वही सहायक पुढच्या सरावाआधी वाचतात. सरांची नजर सहायकांकडे उतरायला आम्हाला याहून चांगला रस्ता सापडलेला नाही.

सामानात कसर नको. नऊ वर्षांखालच्यांना ३ नंबरचा बॉल, बारापर्यंत ४ नंबर, तेरापासून ५ नंबर. ४ नंबरचा बॉल साधारण ३५० ते ३९० ग्रॅम, ५ नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅम. लहान मुलाला मोठा बॉल दिला की तो पंजाच्या टोकाने मारायला लागतो आणि ती सवय मोडायला वर्ष जाते. हवा गेजने मोजून ०.६ ते ०.८ बार ठेवतो. पंपाची पिन ओली न करता घातली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि लहान क्लबचे सर्वाधिक बॉल असेच वाया जातात. उचलून ठेवता येणाऱ्या गोलपोस्टच्या मागच्या दांड्यावर वाळूची भरलेली पोती टाकल्याशिवाय एकही मूल जवळ जाऊ द्यायचे नाही. मुले क्रॉसबारला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे पडतो. जगभर यात मुले दगावली आहेत.

मैदानाचे दुखणे आपल्याकडचे वेगळे आहे. सेक्टरच्या मैदानात मधोमध क्रिकेटची कडक पट्टी असते. तिच्यावर घसरले की कातडे सोलवटते, म्हणून सरावाच्या जागा पट्टीच्या दोन्ही बाजूंना आखायच्या. गणपती, नवरात्र आणि सभांचे मंडप उतरले की बांबूंचे खड्डे आणि खिळे राहतात. या दिवसांत सरावाआधी मोठी माणसे हात-हात अंतरावर रांग करून मैदान पायाखाली घालतात. दांड्याला बांधलेले जाड लोहचुंबक फिरवले की गवतातले खिळेही निघतात. खड्डे मुरूम टाकून लगेच ठोकून घ्यायचे.

जून ते सप्टेंबर मैदान विसरायचे आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचा जाळीबंद बॉक्स, भाड्याने घ्यायचा. संध्याकाळचा दर सकाळपेक्षा बराच चढा असतो, म्हणून शनिवार-रविवार सकाळी सहाचा वेळ एप्रिलमध्येच बुक करतो. पाऊस सुरू झाल्यावर विचारले तर मिळत नाही. टर्फवर नैसर्गिक गवताचे लांब स्टड (बुटांखालचे दाते) चालत नाहीत. ते धाग्यांत अडकतात, पाय रोवला जातो आणि गुडघा फिरतो. आखूड आणि जास्त स्टडचे टर्फ शूज हवेत. बॉक्सच्या जाळीचीही सवय लागते. मुले बॉल जाळीवर मारून परत घेतात आणि ऑक्टोबरमध्ये मैदानावर आल्यावर थ्रो-इन विसरलेली असतात. जाळीला लागला की बॉल बाहेर, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. उन्हाळ्यात याच टर्फचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तेव्हा मार्चपासून सकाळी साडेआठच्या आत सराव संपवायचा आणि दर १५ ते २० मिनिटांनी पाणी.

साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायावर उघडी जखम असलेले मूल चिखलात उतरवायचे नाही, अनवाणी कोणीच नाही, आणि घरी गेल्यावर साबणाने पाय धुवायचे. पावसाळ्यात मुलाला ताप आला तर ते साचलेल्या पाण्यात खेळले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शरीराच्या बाबतीत सरांच्या पिढीचा आणि आजचा विचार वेगळा आहे, आणि यावर मोकळेपणाने बोलावे लागते. त्यांच्या वेळी दुखले तरी खेळायचे. पण नऊ ते चौदाच्या वयात टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणे हे बहुतेक वेळा वाढीच्या जागेवरच्या ताणाचे लक्षण असते. तिथे दाबून दुखले की उड्या आणि धावणे कमी करायचे, पासिंगचा सराव चालू ठेवायचा, आणि दोन आठवड्यांत उतरले नाही तर डॉक्टरांना दाखवायचे. हेडिंगचेही (डोक्याने बॉल मारण्याचेही) तसेच. इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग नको असे सांगितले, अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्यांना ते बंद करायचे २०१५ मध्येच ठरले. सर स्वतः हेडिंगवर गोल केलेले. तरी बारा वर्षांखाली सरावात हेडिंग नाही, हे त्यांनी मान्य केले. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, उलटी झाली किंवा तोल गेला तर त्या दिवशी परत मैदानात नाही, लगेच डॉक्टरकडे. बेशुद्ध पडले तर १०८.

निवड चाचणीत प्लास्टिकच्या शंकूंमधून ड्रिब्लिंग करून घेत नाही. पाचांविरुद्ध पाच असे छोटे सामने, प्रत्येकाला किमान तीन, पाठीवर नंबर, आणि सरांबरोबर दुसरा एक बघणारा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते आणि उठून दिसते. यादी हातात आली की जन्ममहिने शेजारी लिहून बघा. निवडलेले सगळे पहिल्या तीन महिन्यांतले असतील तर वर्षाच्या शेवटच्या मुलांचा आणखी एक सामना घ्या. सर अशाच एका जादा सामन्यातून आमचा आताचा सर्वांत हुशार पासर घेऊन आले.

स्पर्धेत उतरायचे तर खेळाडूंची एआयएफएफच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी लागते. बहुतेक अर्ज अडतात ते जन्मदाखला आणि आधारवरची नावे वेगळी असल्याने: एकात वडिलांचे नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव, किंवा एका अक्षराचा फरक. ही दुरुस्ती मोसमाआधी दोन महिने करून घ्या. नवी मुंबई म्हणून वेगळा जिल्हा नाही. नेरूळ, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, पनवेल रायगडमध्ये. संलग्नतेचा अर्ज कुठे द्यायचा, हे क्लबच्या नोंदलेल्या पत्त्यावरून जिल्हा संघटनेत आधी विचारून घ्या. विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) ही राज्याची संघटना.

सामन्याच्या दिवशी पालकांची दोरी टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) तीन मीटर मागे, आणि कोचच्या समोरच्या बाजूला. सर खेळ चालू असताना सूचना देत नाहीत. त्यांची आज्ञा ऐकली की मूल बघणे थांबवते आणि आवाजाची वाट पाहते, म्हणजे वर्षभर शिकवलेली नजरच बंद पडते. मध्यंतरात दोनच गोष्टी. बारा वर्षांखाली प्रत्येक मूल किमान अर्धा सामना खेळते, आणि हा नियम करारात असल्याने उपांत्य सामन्यातही कोणाला वाद घालता येत नाही. संघात का नाही, हा प्रश्न पालक दुसऱ्या दिवशी सचिवांना विचारतात, सरांना नाही.

मुलींची तुकडी २०२२ नंतर वाढली. त्या वर्षी फेब्रुवारीत आशियाई महिला चषकाची आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाली. मुलींच्या सरावाला एक महिला सहायक कायम हवी, आणि कपडे बदलण्याची बंद होणारी स्वच्छ जागा आधी शोधायची. ती नसेल तर मुली तिसऱ्या आठवड्यात येणे थांबवतात.

करार दर मे महिन्यात नवा होतो. या वेळी त्यात तीन कलमे वाढली: सरांसमोर एका वेळी बारापेक्षा जास्त मुले नाहीत, सहायकांच्या लायसन्स कोर्सचे शुल्क क्लब भरणार, आणि बॅनरवर सरांच्या फोटोबरोबर सगळ्या सहायकांची नावे त्याच आकारात छापायची.